काउंटरवर एक टेप ठेवा: अंतर्वस्त्रांच्या दुकानदारांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या गावोगावच्या लेडीज वेअर, होजियरी आणि मॅचिंग सेंटरवाल्या दुकानदार बंधू-भगिनींना,



मी ब्लाउज शिवते. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं शिवणाचं दुकान आहे आणि बायकांची मापं घेणं हे माझं रोजचं काम आहे. तुमच्या दुकानातून घेतलेली ब्रा अंगात असताना मला माप घ्यावं लागतं. ती चुकीची असेल तर माझं मापही चुकतं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणींच्या अंगावरची ब्रा त्यांच्या मापाची नसते, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. यात त्यांचा काही दोष नाही. त्यांचं माप आजवर कुणी घेतलेलंच नसतं.

एका ब्लाउजसाठी मी उंची, छाती, अप्पर चेस्ट, कंबर, खांदा, मुंढा, बाही, पुढचा-मागचा गळा आणि टक्स पॉइंट एवढं सगळं वहीत उतरवते. कटोरी ब्लाउज असला तर कटोरीचं माप वेगळं. शिवाय मापाचा जुना ब्लाउज मागून घेते. इतकं करूनही कधी बगलेत चुणी पडते आणि उसवावं लागतं. त्याच ब्लाउजच्या आत जे सकाळपासून रात्रीपर्यंत अंगाला घट्ट बसून राहणार, ज्याच्यावर सगळा भार असणार, ते मात्र तुमच्या काउंटरवर एका आकड्यावर विकलं जातं. 'कितीची?' 'चौतीस.' खोका निघतो, कागदात गुंडाळला जातो, पैसे दिले जातात. शेजारी कुणी पुरुष उभा असेल तर बाई तो आकडाही पुटपुटत सांगते.

हा आकडा आला कुठून, हे मी अनेकींना विचारलं आहे. लग्नाआधी आई आणायची तोच, मधे दोन बाळंतपणं झाली तरी तोच. कुणी मोठ्या जावेचा नंबर धरून चाललेली असते. आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर म्हणजे, 'ब्लाउज छत्तीसचा लागतो ना, म्हणून ब्रा पण छत्तीसची.' ब्लाउजचा छत्तीस हा छातीच्या भरलेल्या जागेवरचा घेर असतो. ब्राचा आकडा ठरतो तो छातीच्या खालच्या, बरगड्यांवरच्या घेरावरून. माप इंचातच, टेपही तीच, पण अंगावरच्या जागा दोन. हा घोळ तुम्ही एका वाक्यात दूर करू शकता, कारण ती बाई त्या क्षणी तुमच्यासमोर उभी असते.

दुसरा घोळ अक्षराचा. बी म्हणजे मध्यम आणि डी म्हणजे फार मोठी, असं गिऱ्हाईक समजतं आणि काउंटरवरची मंडळीही समजतात. त्यामुळे कुणाला डी हवी असली तरी ती मागायला लाजते. खरं तर नुसत्या अक्षरावरून काहीच कळत नाही. छाती आणि छातीखालचा घेर यांत किती फरक आहे, एवढंच ते सांगतं. एक इंच फरक असला तर ए, दोनला बी, तीनला सी, चारला डी. म्हणून ३२ सी, ३४ बी आणि ३६ ए या तिन्हींच्या कपात साधारण सारखंच मावतं. सडपातळ बांध्याची कॉलेजातली मुलगीही डी असू शकते आणि भरल्या अंगाची बाई बी. ही अक्षरं १९३२ साली अमेरिकेत, मिशिगनच्या एस. एच. कँप या कंपनीने पहिल्यांदा वापरली. तेव्हा ए ते डी एवढीच होती. पुढे जगभरच्या कंपन्यांनी ती वाढवत नेली. आपल्या बाजारपेठेतली पुष्कळ दुकानं अजून बीवरच थांबलेली आहेत, आणि स्वस्त सुती मालाच्या खोक्यावर तर नुसता आकडा असतो, अक्षर नसतंच.

आता काउंटरवर काय होतं ते एका उदाहरणाने सांगते. समजा, एका बाईचा छातीखालचा घेर तीस इंच आणि छाती सदतीस इंच आहे. कितीतरी तक्त्यांत अजून जुना हिशेब चालतो: खालच्या घेरात चार किंवा पाच इंच मिळवायचे, म्हणजे सम आकडा येईल. तीस अधिक चार चौतीस. सदतीस उणे चौतीस तीन, म्हणजे ३४ सी. दुकानात सी नसते. मग काउंटरवरची मुलगी म्हणते, 'ताई, ही ३६ बी घ्या, सेमच बसते.' कपापुरतं ते खरंच आहे, कपात तेवढंच मावतं. पण बरगड्या तीस इंचाच्या आणि पट्टा छत्तीसचा. तो मागून वर सरकतो, कप पुढून खाली येतात, मग बाई खांद्याच्या पट्ट्या आवळत जाते. मिळवणी न करता हिशेब केला तर याच बाईच्या घेरात आणि छातीत सात इंचांचा फरक निघतो. डीच्या पुढे डीडी, ई, एफ अशी घरं मोजली तर ती ३० एफ; तेवढ्याच कपाची ३२ ई किंवा ३४ डीडी तरी तिने घालून बघायला हवी. म्हणजे घरी नेलेल्या मापाचा पट्टा सैल आहे आणि कपही दोन घरं लहान आहे. एकाच वेळी सैल आणि घट्ट अशा कपड्यात ती वर्ष-दोन वर्षं काढणार.

हा माझा एकटीचा अनुभव नाही. इंग्लंडमध्ये पोर्ट्स्मथ विद्यापीठात स्तनांच्या आरोग्यावर आणि ब्रावर काम करणारा संशोधकांचा एक गट आहे. त्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४५ स्त्रियांची मापं जुन्या रूढ पद्धतीने घेतली आणि नंतर प्रत्यक्ष अंगावर नीट बसते ती ब्रा निवडली. दोन्ही ताडून बघितल्यावर जुन्या पद्धतीने ७६ टक्के जणींचा पट्टा जास्त सांगितला होता आणि ८४ टक्के जणींचा कप कमी. संख्या लहान आहे आणि बायका तिकडच्या आहेत, हे मान्य. पण चूक ज्या दिशेने होते, ती मला इथे माझ्या टेपवर रोज दिसते.

अंगावर ही चूक कशी दिसते, तेही सांगते. खांद्यावर बोटाएवढ्या खोल खुणा पडलेल्या असतात. मागचा पट्टा पाठीच्या फऱ्यांपर्यंत चढलेला असतो. माप घ्यायला उभी राहिली की बाई सवयीने दोन्ही पट्ट्या वर ओढते. मी खांद्यापासून टक्स पॉइंट मोजते, समजा तो दहा भरला. ती घरी जाईपर्यंत सगळं पुन्हा खाली आलेलं असतं, अकरावर. मग नव्या ब्लाउजचे टक्स एक इंच वर येतात, कापड वरून फुगतं आणि खालून दाटतं. बाई म्हणते, शिवण बिघडली. म्हणून मी आता सांगते, या साडीवर जी ब्रा घालणार तीच घालून माप द्यायला या, आणि पट्ट्या ओढू नका. हे सांगायची वेळच येऊ नये असं मला वाटतं.

भार पेलायचा असतो तो मुख्यतः घेराच्या पट्ट्याने. खांद्याच्या पट्ट्या कप जागेवर धरण्यापुरत्या असतात. ही एक गोष्ट दुकानातल्या मुलींना नीट समजली तर निम्मं काम होईल.

माप घ्यायला फार काही लागत नाही. बाईमाणूस हवं, पडदा हवा आणि चांगली टेप हवी. टेपचं एवढ्यासाठी सांगते की वापरून वापरून ती ताणते. आम्ही शिवणारणी मधूनमधून ती स्टीलच्या पट्टीवर धरून तपासतो आणि अर्ध्या इंचाचाही फरक पडला तर टाकून देतो, तसं करावं. पॅडची ब्रा किंवा जाड अस्तराचा कुर्ता अंगात असला तर माप खरं येत नाही. पातळ ब्लाउज किंवा कुर्त्यावरून घ्यावं. आधी छातीखालचा घेर. टेप मागे-पुढे एका पातळीत आहे ना, ते आरशात बघायचं, कारण पाठीवर ती हटकून खाली घसरते. बाईला श्वास सोडायला सांगायचं आणि टेप अंगासरशी धरायची. मग एकदा आणखी आवळून बघायचं. अंग मऊ असलं तर या दोन आकड्यांत दीड-दोन इंचांचंही अंतर पडतं, आणि पट्टा किती लहान चालेल ते त्यावरून कळतं.

मग छाती. इथेच सगळे एक माप घेऊन थांबतात. बाई ताठ उभी असताना टेप फिरवली की जो भाग खाली ओघळलेला असतो तो मापात पूर्ण येतच नाही, विशेषतः बाळंतपणानंतर आणि पन्नाशीच्या पुढे. म्हणून तिला कमरेतून वाकायला सांगावं, पाठ जमिनीला समांतर होईल इतकं, आणि भरलेल्या जागेवरून टेप सैल धरून पुन्हा मोजावं. उभ्याने छत्तीस आणि वाकून अडतीस, असं पुष्कळ जणींचं येतं. मग सदतीस धरून सुरुवात करायची. जिला घरी स्वतःचं माप घ्यायचं आहे तिने पाठीवर झोपूनही एकदा मोजावं आणि तिन्हींची सरासरी काढावी. दोन बाजू सारख्या नसणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. मोठ्या बाजूला बसेल असा कप घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूची पट्टी थोडी आवळायची किंवा आत पातळ पॅड घालायचं. पाळीच्या आधीच्या दिवसांत छाती जड होते, तेव्हाचं माप वेगळं येतं. दूध पाजणाऱ्या बाईचं तर सकाळ-संध्याकाळ वेगळं. अशा बाईला 'मागच्या वेळी हीच नेली होती' म्हणून जुना नंबर बांधून देऊ नका.

एवढं करून जो नंबर निघेल तो शेवटचा शब्द नव्हे. तिथून घालून बघायला सुरुवात करायची. कंपन्यांचे हिशेब एकसारखे नाहीत. युरोपातल्या बऱ्याच कंपन्या पट्ट्याचा नंबर सरळ सेंटीमीटरमध्ये देतात. ७५ म्हणजे छातीखालचा घेर ७३ ते ७७ सेंटीमीटर. तोच ७५ तक्त्यात ३४ च्या समोर छापलेला असतो, आणि ७५ सेंटीमीटर म्हणजे साडेएकोणतीस इंच. फ्रान्समध्ये त्यालाच ९० म्हणतात. म्हणजे एकाच पट्ट्याचे तीन आकडे, आणि त्यांतला इंचाचा वाटणारा आकडा इंचाचा नाहीच. म्हणून खोक्यावर विसंबू नका. काउंटरवर टेप पसरा, ब्राचा पट्टा तिच्यावर धरून ताणा आणि आरामात कुठवर जातो ते वाचा. चौतीस छापलेली एक कंपनी एकतीसवर थांबते, दुसरी छत्तीसपर्यंत जाते. एकदा सगळ्या मालाची अशी नोंद करून ठेवली की कुठल्या बाईला कुठल्या कंपनीचा कुठला नंबर काढायचा, ते मुलींना पाठ होईल.

घातल्यावर काय बघायचं? नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर नीट बसली पाहिजे. इलॅस्टिक सैल होईल तसं आतल्या हुकांवर जायचं, हुकांच्या रांगा त्यासाठीच असतात. नवीच असताना आतल्या हुकावर लावावी लागली तर ती काही महिन्यांत निकामी होणार. मागे पट्ट्याखाली दोन बोटं जातील, मूठ जाऊ नये. पट्टा पुढून जेवढा खाली तेवढाच मागून. वाकून बगलेकडचा भाग हाताने पुढे कपात आणल्याशिवाय फिटिंग बघूच नये, कारण लहान कपाने वर्षानुवर्षं तो भाग बाजूला लोटलेला असतो. त्यानंतर कपाच्या वरून उभार डोकावत असेल, ब्लाउजवर चार फुगवटे दिसत असतील, तर कप लहान आहे. तार असेल तर ती अंगाच्या घडीत, बरगडीवर टेकली पाहिजे; मऊ भागावर चढली की टोचणारच. दोन कपांमधली जागा छातीच्या हाडाला लागलेली हवी. कप वरून पोकळ राहिला म्हणजे तो मोठाच आहे असं नाही, कपाचा आकार त्या अंगाला जुळत नसेल. दुसरा काट देऊन बघा. शेवटी बाईला दोन्ही हात वर करायला सांगा. पट्टा वर सरकला तर एक नंबर खाली या, आणि पट्टा खाली आणताना कपाचं अक्षर एकाने वाढवायचं, हे विसरू नका.

ट्रायल रूमचा प्रश्न मला माहीत आहे. 'अंतर्वस्त्रे ट्राय करू नयेत, बदलून मिळणार नाहीत' ही पाटी तुम्ही स्वच्छतेसाठी लावता, आणि त्यात तथ्य आहे. त्यावर उपाय आहे. प्रत्येक नंबराचा एकेक नग फक्त घालून बघण्यासाठी ठेवा, तो पातळ सुती बनियनवरून घालायला द्या आणि रोज धुवा. विकायचा माल सीलबंद राहील. मात्र खोलीचं दार आतून लागलं पाहिजे आणि कॅमेरा तिच्या आसपासही नको. २०१५ साली गोव्यातल्या एका दुकानात कॅमेऱ्याचं तोंड ट्रायल रूमकडे असल्याची तक्रार खुद्द एका केंद्रीय मंत्र्यांनी केली होती. तेव्हापासून माझ्या कितीतरी गिऱ्हाइकांनी ट्रायल रूममध्ये पाऊल टाकणं सोडलं आहे. ती भीती जायला तुम्हालाच पुढाकार घ्यावा लागेल. दार दाखवा, भिंती दाखवा, 'आत या, बघा' असं म्हणा. काउंटरवर पुरुष असतील तर हे खातं बाईकडे द्या.

मुलींचा विषय माझ्या जिवाचा आहे. दहा-बारा वर्षांची पोर आईबरोबर येते आणि आई म्हणते, वाढत्या अंगाची द्या. फ्रॉकला ते चालतं, याला नाही. सैल पट्ट्यात आधार मिळत नाही. पळताना दुखतं, लोक बघतात असं वाटतं आणि पोर खो-खोच्या मैदानातून बाजूला होते. पोर्ट्स्मथच्याच गटाने इंग्लंडमधल्या दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलींना विचारलं होतं. खेळावर आणि व्यायामावर स्तनांमुळे काही ना काही परिणाम होतो, असं जवळजवळ निम्म्या मुलींनी सांगितलं. आपल्याकडे पोरी हे बोलत नाहीत. पोट दुखतंय म्हणून सांगतात आणि पीटीच्या तासाला वर्गात बसतात. त्यांचं माप दर चार-सहा महिन्यांनी घ्यायला सांगा, आणि पहिल्यांदा घ्याल तेव्हा पोरीशी बोला, फक्त आईशी नाही.

कॅन्सरमुळे एक बाजू काढावी लागलेल्या बायकाही तुमच्याकडे येतात, पण त्या सांगत नाहीत. माझ्यासमोर त्यांना सांगावंच लागतं. त्यांच्या ब्राला आतून सुती खिसा शिवला की कृत्रिम स्तन त्यात नीट राहतो. असा खिसा मी शिवून देते, कुठलीही शिवणारीण देऊ शकेल. तेवढी माहिती तुमच्या दुकानात असू द्या. 'घट्ट ब्राने कॅन्सर होतो' हे मात्र काउंटरवरून कुणी सांगू नये. अमेरिकेत सिअॅटलला २०१४ साली यावर नीट अभ्यास झाला, त्यात असा काही संबंध आढळला नाही. चुकीच्या मापाने खांदे दुखतात, मान-पाठ भरून येते, घामाने छातीखाली चट्टे उठतात; एवढं कारण पुरे आहे.

राहिला मालाचा प्रश्न. तुम्ही म्हणाल, ३० चा पट्टा आणि डी, डीडी कुणी मागतच नाही, पडून राहील. कुणी मागत नाही, कारण आपलं माप तेवढं आहे हेच कुणाला माहीत नाही. आधी महिनाभर फक्त मापं घ्या आणि वहीत नाव न घालता दोन आकडे लिहा, खालचा घेर आणि छाती. मग ती वही एजंटपुढे ठेवा. कुठला माल मागवायचा हे तुम्हाला त्यातून दिसेल, आणि कंपनीलाही दिसेल. केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने निफ्ट या फॅशन-शिक्षण संस्थेकडून भारतीय शरीरांची मापं घेण्याचं काम हाती घेतलं: मुंबईसह सहा शहरं, पंचवीस हजार माणसं, अंगाला हात न लावता मोजणारी थ्रीडी यंत्रं. फार चांगलं काम आहे. पण आमच्या तालुक्यातल्या बाईचं माप तुमच्या काउंटरवर आजही घेता येतं.

माझ्याकडून काय होईल तेही लिहिते. सोमवारी आमच्या गावचा बाजार बंद असतो. त्या दिवशी आसपासच्या कुठल्याही दुकानात जाऊन तिथल्या मुलींना माप घ्यायला आणि फिटिंग बघायला शिकवायची माझी तयारी आहे. दोन-तीन तास लागतील. पैसे नकोत. दुकानात आहेत त्या सगळ्या नंबरांचा एकेक नग, एक मोठा आरसा आणि आतून कडी लागणारी जागा एवढं तयार ठेवा. निरोप कुठल्याही शिवणक्लासमध्ये दिलात तरी माझ्यापर्यंत पोहोचेल.



आपली,
ब्लाउज शिवणारी एक बाई